पान अकरा बघ

राजापूरच्या एस्टीने खोकं आलं,
मागच्या सीटखाली,
सुकटीच्या दोन पाट्यांच्या मधे दाबून.
तेव्हा आधीच सांगते,
यंदाच्या नव्या पुस्तकांना थोडा वास आहे.
दोन दिवस पंखा लावून उघडी ठेवली, गेला नाही.
मग म्हटलं, असू दे,
साखरी नाट्यात आली, इथलीच झाली.

दर महिन्याला फळ्यावर यादी लिहायची असते,
नाव, किंमत, वय वर्षे अमुक ते तमुक.
लिहायचे. कोणी वाचायचं नाही.
पुस्तक म्हणजे काय बर्फाचा भाव आहे,
सोसायटीच्या भिंतीवर लावायला?
ते हातात द्यावं लागतं,
आणि हात कोणाचा ते बघून.

शिफा, इकडे ये.
तुला भुताचं हवंय, ठाऊक आहे मला.
यात भूत आहे, पण अंधाराला तेच घाबरतं.
सतराव्या पानावर तू खूप हसशील
आणि एकदम गप्प होशील.
का, ते मला सांगायला येऊ नकोस.
बहिणीला सांग.

तन्वेशचे बाबा दारातच उभे, चपला न काढता.
"यानं मार्क वाढतील काय, बाई?"
नाही वाढणार, आडिवरेकर.
पण तुम्ही फाटकं जाळं शिवत बसाल
तेव्हा तो येऊन विचारील,
पापण्या नाहीत तर मासे झोपतात कसे?
तेवढं "गप बस" म्हणू नका.
माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा,
पुस्तकाच्या शेवटीही तेच लिहिलंय.
उशीर झाला तरी दंड नाही.
दंडाची वही कसरीने खाल्ली, बरं झालं.

हसीना म्हणाली, मला कुठं येतं वाचायला.
तिला बिनशब्दांचं काढून दिलं.
तिने उलटंपालटं केलं. "छापायचं राहिलं वाटतं?"
नाही गं, शब्द तुझे घालायचे.
एक हत्ती, एक स्टेशन, एक रिकामा बाक,
बावीस पानं, बस्स.
पंधरा दिवसांनी तिचा पोरगा सांगतो,
आमच्याकडचा हत्ती कुवेतला असतो.
शुक्रवारी फोन करतो.
एका रात्री आईने वाचलं, त्याचा पगार झाला नाही,
आणि दुसऱ्या रात्री तेच पान,
तर झाला होता.

आता ते मोठं, जाड कागदाचं,
खोक्यातलं सगळ्यात महाग.
समुद्र असा निळा, की आमच्या खाडीने लाजावं.
आमची तर बिनदुधाच्या चहासारखी.
पहिल्यांदा मुअज्जमने नेलं.
चौथ्या दिवशी टेबलावर आपटून गेला,
आणि मी पान अकरा उघडलं तर पेन्सिलीने, गिचमीड:
"होडीला उलांडी नाय. ही उलटल."
खाली उलांडी काढलेली,
दोन आडवे वासे, त्यांना बांधलेला ओंडका,
आणि बांधलंय तिथे गाठसुद्धा,
त्याच्या घरात मारतात तशीच.

भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी आहे,
पुस्तकात काही लिहू नये.
खोडरबर हातात घेतलं.
होडीत दोन माणसं होती, पाठमोरी,
एकजण उभा.
त्याच्याकडे बघत राहिले बराच वेळ,
मग खोडरबर ड्रॉवरमध्ये, मागे, डांबरगोळ्यांपाशी.

तेव्हापासून ते पुस्तक मागायला कोणी आलं
तर मी एवढंच सांगते,
गोष्ट बरी आहे,
मधे थोडी रेंगाळते, तिथे पानं गाळलीस तरी चालेल,
पण पान अकरा बघ.

काल ते परत आलं, कोणाकडून ते नाही सांगत.
होडीत, उभ्या माणसाच्या पायापाशी,
कोणीतरी जेवणाचा डबा काढलाय.
तीन पुडाचा.